रोज वापरायची सेकंडहँड स्पोर्ट्स कार: कोणती घ्यावी, कोणती लांबून बघावी

रोज चालवायला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर आधीच्या मालकानेही रोज चालवलेलीच घ्या. जाहिरातीत 'फक्त रविवारी काढलेली', 'कायम कव्हरखाली', 'बारा वर्षांत २५,००० किलोमीटर' असं लिहिलेलं असतं आणि किंमतही त्या कौतुकासकट लावलेली असते. संग्रहात ठेवायला ती गाडी उत्तम. पण तिला रोज ४० किलोमीटर पळवायला लागलात की पहिल्या सहा महिन्यांत सगळं बाहेर पडतं. उभ्या गाडीत ऑइल सील कडक होतात, ब्रेक कॅलिपरच्या पिना जाम होतात, एसी कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडून गॅस निघून जातो, टायर एका जागी बसतात आणि पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांमुळे सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी त्याला आतून गंजवतं. याउलट आठ वर्षांत १,१०,००० किलोमीटर झालेल्या गाडीत वॉटर पंप, लोअर आर्म, इग्निशन कॉइल, क्लच यांतलं बरंचसं एकदा बदलून झालेलं असतं. त्याची बिलं दाखवली, तर जास्त रनिंगमुळे उतरलेली किंमत हा तुमचा फायदा. बिलं नसली तर ती नुसतीच खूप चाललेली गाडी.

इंजिन सुरू करण्याआधी

पहिली परीक्षा दाराची. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. शेजारी दुसरी गाडी उभी असली की दार निम्मंच उघडतं आणि त्या फटीतून अंग चोरून जमिनीलगतच्या सीटवर उतरावं लागतं. रोज गाडी लावायच्या जागेची रुंदी टेपने मोजा, त्यातून गाडीची रुंदी वजा करा आणि उरेल तेवढंच दार उघडून तीनदा आत-बाहेर करून बघा. कंबर, गुडघे लगेच मत देतात. लोटस एलिस या लेखात नाही ती याच कारणाने. तिच्या दाराखालचा उंबरठा इतका रुंद आहे की रोज सकाळी ऑफिसच्या कपड्यांत तो ओलांडणं हा वेगळाच व्यायाम होतो.

मग डिकी. लीटरच्या आकड्यावर जाऊ नका, डिकीच्या तोंडाचं माप घ्या. माझदा एमएक्स-५च्या चौथ्या पिढीची डिकी १३० लीटरची. खोल आहे, पण तोंड लहान. त्यात केबिनमध्ये नेण्याच्या आकाराच्या दोन मऊ बॅगा बसतात, कडक ट्रॉली मात्र आडवी-उभी करून दमाल. गाडी बघायला जाताना आपली रोजची बॅग, लॅपटॉप आणि असेल तर मुलाची सीट बरोबर न्या. विकणाऱ्याला हसू आलं तर येऊ दे.

डिकीचा तळ उचला. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते. एक छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली असते. खिळा शिरला तर ती पुरते. टायरची बाजू कापली गेली तर नाही पुरत, मग गाडी उचलूनच न्यावी लागते. बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते आणि दहातल्या नऊ गाड्यांत ती उलटून गेलेली असते. बीएमडब्ल्यू झेड४ किंवा कॉर्व्हेटमध्ये स्टेपनीऐवजी रनफ्लॅट टायर येतात. त्यांच्या बाजू कडक असल्याने पंक्चर झाल्यावरही गाडी जपून काही अंतर नेता येते, पण रोजच्या खड्ड्यांत तोच कडकपणा पाठीला कळतो.

ग्राउंड क्लिअरन्स या गाड्यांचा साधारण १२० ते १३५ मिलीमीटर. त्या आकड्यापेक्षा पुढच्या चाकाच्या पुढे गाडीचं नाक किती बाहेर आलंय ते महत्त्वाचं, कारण तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर आधी नाकच टेकतं. बंपरच्या खालच्या कडेला ओरखडे असणं चालेल, रोज वापरलेल्या गाडीला ते असतातच. पण फाटून लोंबणारं खालचं प्लास्टिक, चेपलेली जॅक लावायची जागा आणि चपटा झालेला सायलेन्सरचा पाइप दिसला, तर गतिरोधकावरून गाडी सरळ दामटलेली आहे. तसल्या गाडीत इंजिनाच्या ऑइल चेंबरवरही ठोक बसलेला असू शकतो. लिफ्टवर घेतल्याशिवाय तो दिसत नाही.

एकच नाव सांगायचं तर

टोयोटा जीटी८६ किंवा तिचीच बहीण सुबारू बीआरझेड. २०१२ पासूनची, दोन लीटरचं बॉक्सर (म्हणजे आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरचं) इंजिन, २०० अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. मागची सीट नावालाच आहे. मोठं माणूस तिथे बसत नाही, लहान मूल बसतं. पण ती सीट एका तुकड्यात आडवी होते आणि मग डिकीपासून पुढपर्यंत सपाट जागा मिळते, इतकी की चार सुटी चाकं आत मावतात. गाडी आरेखित करतानाच हा हिशेब धरलेला होता. टायर १७ इंची, २१५ रुंदीचे, पुढे-मागे सारखेच. रोजच्या वापरात ही फार मोठी गोष्ट आहे, कारण पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवता येतात आणि या मापाचे टायर कुठेही मिळतात. ज्या गाड्यांना मागे रुंद टायर असतात, त्यांत ही सोय नाही. तिथे मऊ रबराचे मागचे टायर २०,००० किलोमीटरच्या आसपासच संपतात.

तक्रारी तिच्याही आहेत. इंजिनाच्या मिनिटाला ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान ओढ मंदावते, आणि शहरात ओव्हरटेक करताना नेमकं तिथेच इंजिन असतं. गिअर उतरवायची सवय लावून घ्यावी लागते. गाडी उभी असताना बोनेटखालून रातकिड्यासारखी किरकिर येते, ती उच्च दाबाच्या पेट्रोल पंपाची. आवाज असून गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका. टायमिंग कव्हरच्या कडेने ऑइल पाझरणं आणि मागच्या दिव्यांत बाष्प धरणं, या दोन गोष्टी घासाघीस करायला उपयोगी. तिसरी मात्र गंभीर आहे. २०१२-१३च्या सुरुवातीच्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी कंपनीने परत बोलावलं होतं. हे काम करायला इंजिन बाहेर काढून उघडावं लागतं आणि परत जोडताना सीलंट जास्त फासलं गेलं, तर त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकून बेअरिंग उपाशी पडतं. म्हणून दोन प्रश्न विचारा: हे काम झालंय का, आणि त्यानंतर गाडी किती चालली. काम होऊन ३०,००० किलोमीटर सुरळीत झाले असतील तर बिनधास्त घ्या. नुकतंच झालं असेल तर थांबा. सोपा उपाय म्हणजे २०१४ किंवा नंतरची गाडी बघणं.

या इंजिनात पेट्रोल दोन ठिकाणी फवारलं जातं, सिलिंडरमध्ये थेट आणि इनटेक पोर्टमध्येही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात आणि थेट इंजेक्शनच्या इतर इंजिनांत साचतो तसा काजळीचा थर इथे फारसा साचत नाही. स्पार्क प्लग बदलायचं काम मात्र किचकट आहे. बॉक्सर असल्याने प्लग आडवे, दोन्ही बाजूंना, चॅसिसला खेटून. १,००,००० किलोमीटरच्या आसपासची गाडी घेत असाल तर ते बिल मालकाच्या फायलीत असावं, तुमच्या नव्हे.

दोघांपुरती गाडी हवी असेल तर

माझदा एमएक्स-५. चौथी पिढी २०१५ची, वजन हजार किलोच्या आसपास. क्लच हलका, त्यामुळे गर्दीत डावा पाय शाबूत राहतो. टप हाताने, सीटवर बसूनच, दोन-तीन सेकंदांत मागे टाकता येतो. मोटर नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. डॅशबोर्डला कप्पा नाही, जो आहे तो दोन सीटच्या मध्ये पाठीमागे, आणि चालवता चालवता तिथे हात पोहोचत नाही. २०१६-१७च्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरच्या तक्रारी बऱ्याच आल्या. तेव्हा गाडी थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यातून परत दुसऱ्यात टाकून बघा. खरखर आली तर सोडून द्या. २०१९च्या मॉडेलपासून दोन लीटरचं इंजिन १८४ अश्वशक्तीचं झालं आणि स्टेअरिंग पुढे-मागे सरकायला लागलं. उंच माणसाला दुसरा बदल पहिल्यापेक्षा जास्त कामाचा.

पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ आणि १९९८च्या, आता रोज वापरायच्या वयाच्या राहिलेल्या नाहीत, मन कितीही ओढलं तरी. टपावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण. मागच्या चाकाच्या कमानीपुढचा पत्रा अंगठ्याने जोरात दाबा. करकरला किंवा दबला तर पुढचं काही बघू नका. तिसऱ्या पिढीत, २००६ मध्ये, घडीचा कडक टप निघाला. तो उघडल्यावरही डिकीची जागा कमी होत नाही, जे या प्रकारच्या गाड्यांत दुर्मीळ आहे.

सगळ्यांत मोह पाडणारी

जास्त पैसे आहेत, सहा सिलिंडर हवेत, तर पोर्शे केमन, पहिली पिढी. हिच्या व्यवहार्यतेबद्दल लोक चकित होतात. इंजिन मधे असल्याने पुढे १५० लीटरची खोल डिकी आणि मागे काचेखाली २६० लीटर, मिळून ४१०. आठवड्याचा बाजार पुढे, बॅगा मागे. काय काय मावतं त्यात ती बऱ्याच हॅचबॅकना हरवते. अट एकच, मागच्या जागेत नाजूक काही ठेवायचं नाही, कारण तिच्या खालीच इंजिन तापत असतं.

पण कोणत्या वर्षाची, यावर सगळं अवलंबून. २००९च्या मॉडेलवर्षापासून इंजिन पूर्ण नवं आलं. त्याआधीच्या बॉक्सस्टर (केमनची उघड्या टपाची बहीण) आणि केमनच्या इंजिनात, पिस्टन फिरवतात त्या क्रँककडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमकडे फिरणं पोहोचवणारी एक मधली शाफ्ट होती आणि तिच्या टोकाला एक बंद बेअरिंग. त्याच्या आतलं ग्रीस धुऊन निघालं, बाहेरचं ऑइल पुरेसं आत शिरलं नाही की ते झिजतं. फुटलं तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटतं आणि इंजिन जातं. २००० च्या सुमारापासून २००५ पर्यंतच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगचं नाव जास्त खराब. क्लचचं काम चालू असताना ते बाहेर काढून बदलता येतं, म्हणून 'क्लच कधी केला आणि तेव्हा बेअरिंग केलं का' हा एकच प्रश्न दोन्ही कामं करतो. २००६ ते २००८ मध्ये बेअरिंग मोठं झालं आणि धोका कमी झाला, पण इंजिन उघडल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. त्याच काळातल्या ३.४ लीटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर चरे पडण्याचा दुसरा आजार आहे. लक्षणं ओळखता येतात: गरम झाल्यावर टकटक, ऑइल खाणं, दोन पाइपांपैकी एकाच्या तोंडाशी जास्त काजळी. खात्री करायची तर प्लग काढून आत छोटा कॅमेरा घालावा लागतो. ज्याने हे काम या इंजिनांवर आधी केलंय, अशाच मेकॅनिकला बोलवा, कारण चरे बहुधा सिलिंडरच्या खालच्या भागात असतात आणि वरवर बघणाऱ्याला दिसत नाहीत.

२००९ नंतरच्या इंजिनात ती मधली शाफ्टच नाही. त्यातही रोजच्या कामाला २.९ लीटरची साधी केमन मला ३.४च्या 'एस'पेक्षा बरी वाटते. 'एस'मध्ये थेट इंजेक्शन आलं, २.९मध्ये नाही, म्हणजे उच्च दाबाचा पंप नाही आणि व्हॉल्व्हवर काजळीही नाही. ताकद कमी, पण ऑफिसच्या रस्त्यावर ती कमी आहे हे कळायलाही संधी मिळत नाही.

या सगळ्याच पोर्शेंमध्ये रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत बसवलेले आहेत. समोरच्या जाळीतून वाळकी पानं आत जातात, ओली होऊन कुजतात आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर बाहेरून खातात. टॉर्च मारून जाळीतून आत बघा. पानांचा गठ्ठा दिसला तर बंपर काढून साफ करण्याचा खर्च आत्ताच धरा. उताराला उभी असलेली बॉक्सर इंजिनाची गाडी सकाळी सुरू करताना धुराचा एक फुगा सोडते, ते चालतं. धूर पांढरा-निळा, दाट आणि थांबतच नसेल, शिवाय चालू इंजिनावर ऑइलचं झाकण आतून ओढल्यासारखं घट्ट लागत असेल, तर ऑइल आणि हवा वेगळं करणारा भाग गेलाय. हा दुरुस्त होतो, पण विकणाऱ्याने 'यांचं असंच असतं' म्हटलं तर मान डोलवू नका.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

ऑडी टीटी, दुसरी पिढी, २००६ पासूनची. ही स्पोर्ट्स कार आहे की नटवलेली हॅचबॅक, यावर लोक भांडतात. रोज वापरणाऱ्याने तो वाद त्यांच्यावर सोपवावा. डिकी २९० लीटर, मागची सीट पाडली की ७००. सुरुवातीच्या २.० टर्बो इंजिनात पेट्रोल पंप आणि कॅम यांच्यामध्ये एक छोटी टोपी असते. ती झिजून भोक पडलं तर कॅमही जातो. तीन स्क्रूचं काम आहे, काढून बघा. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला हवं. ते झाल्याचं बिल नसेल तर थांबत-थांबत पुढे सरकताना गाडी हिसके देते का बघा. २०१०च्या सुमारापासून टायमिंग साखळीचं नवं इंजिन आलं, त्यात ऑइल खाणं आणि साखळीचा ताण देणारा भाग, दोन्ही तपासा.

बीएमडब्ल्यू झेड४ची पहिली पिढी घ्यायची तर २००६ नंतरची, सहा सिलिंडरच्या एन५२ इंजिनाची. इंजिन टिकाऊ, पण वॉटर पंप विजेवर चालतो आणि १,००,००० किलोमीटरच्या आसपास कधीही, कसलीही सूचना न देता थांबतो. बदलला नसेल तर थर्मोस्टॅटसकट बदलूनच टाका. टपाची मोटर अशा खोबणीत बसवलीय की निचऱ्याची नळी तुंबली की ती पाण्यात बुडते. २००९ नंतरच्या कडक टपाच्या झेड४मध्ये टप बंद असताना डिकी ३१० लीटर आणि उघडल्यावर १८०. सुट्टीला जाताना दोनपैकी एक निवडा, सामान किंवा आकाश.

निसान ३७०झेडमध्ये इंजिन भक्कम, पण क्लच ढकलणारा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात आहे आणि तो गळायला लागतो. पेडल मऊ लागलं किंवा वर यायला आळस करत असेल तर गिअरबॉक्स उतरवायचा खर्च धरा. सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग कव्हरमागचं ऑइलच्या वाटेचं गॅस्केट फाटून दाब उतरतो. इंजिन गरम असताना, गाडी उभी असताना ऑइलचा दाब बघून घ्या.

शेवरोले कॉर्व्हेट, सहावी पिढी, २००५ ते २०१३. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण काचेच्या दाराखाली सहाशेहून जास्त लीटर जागा आहे आणि इंजिनाची रचना जुन्या पद्धतीची, सुटसुटीत. दारांना यांत्रिक हँडल नाही, बटण आहे. बॅटरी उतरली तर मागच्या बाजूचं किल्लीचं छिद्र आणि डिकीतली ओढायची दोरी कुठे आहे हे घेतानाच बघून ठेवा, पावसात उभं राहून शोधायची वेळ येऊ नये. स्टेअरिंग डावीकडेच मिळतं. जिथे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात तिथे ओव्हरटेक करताना बाजूला बसणारा विश्वासू असावा लागतो.

आणि माझदा आरएक्स-८. चार दारं, चार खऱ्या सीट, बघायला देखणी, किंमत कमी. घराची एकमेव गाडी म्हणून घेऊ नका. रोटरी इंजिन स्वतःच्या सीलसाठी ऑइल मुद्दाम जाळतं, म्हणजे दर दोन टाक्यांना काडी काढून बघायची. थंड इंजिन सुरू करून, गाडी दोन हात पुढे सरकवून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं आणि पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. रोजच्या धबडग्यात घरातलं कुणीतरी हे एकदा करणारच. तरीही घ्यायचीच असेल तर रोटरीसाठीच्या वेगळ्या मीटरने कॉम्प्रेशन मोजा. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात, तिन्हींचा आकडा जवळजवळ सारखा यायला हवा.

गाडी बघायला गेल्यावर

विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी आधी सुरू केलेली आहे; कारण विचारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाचे पहिले दहा सेकंद अर्ध्या तासाच्या फेरीपेक्षा जास्त सांगतात: साखळीची खडखड, निळा धूर, अडखळत फिरणारं इंजिन. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून पळतात. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसता दमटपणाही असतो. पुसून टाका, गाडी अर्धा तास नीट गरम करा, पुन्हा बघा. कूलंटमध्येही ऑइल तरंगत असेल तर मात्र निघा.

मग स्कॅनर लावा. नुसते फॉल्ट कोड बघून थांबू नका. 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते, बघा. ते अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. काही गाड्यांचा, विशेषतः पोर्शेचा, कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं हेही ठेवतो. रनिंगला त्या तासांनी भागा. ८०,००० किलोमीटर आणि १,६०० तास, म्हणजे सरासरी ताशी ५०, ठीक. तेच ८०,००० आणि ४,००० तास, म्हणजे सरासरी २०: एकतर गाडी कायम कोंडीत अडकलेली, नाहीतर काटा मागे फिरवलेला. दोन्हींत किंमत खाली यायला हवी. त्याच यादीत इंजिन मर्यादेबाहेर कितीदा फिरलं हे पट्ट्यांमध्ये नोंदलेलं असतं. खालच्या पट्ट्यांतले आकडे म्हणजे जोरात चालवणं, त्यात वाईट काही नाही. वरच्या पट्ट्यांतला आकडा म्हणजे चुकून पाचव्याऐवजी तिसरा पडला आणि चाकांनी इंजिनाला फरफटवलं. ते शेवटचं कितव्या तासाला झालं तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर इंजिन शेकडो तास चाललं असेल तर ठीक, परवाच झालं असेल तर नको.

रंगाची जाडी मोजायचं मीटर न्या. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २५० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलंय, ५०० च्या पुढे पुट्टी आहे. पुढच्या बंपरला आणि बोनेटला खडी लागून पुन्हा रंगवणं या गाड्यांत नेहमीचं. छताचा खांब किंवा मागचा कोपरा जाड लागला तर अपघात. फायबरच्या अंगाच्या गाड्यांवर, म्हणजे कॉर्व्हेट किंवा एलिसवर, हे साधं मीटर चालत नाही; तिथे पॅनेलमधल्या फटी आणि प्रकाशात दिसणारे केसासारखे तडे बघायचे.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदलायचा. चारही टायर एकाच कंपनीचे, चांगल्या प्रतीचे असतील तर मालक गाडीवर खर्च करणारा होता. मागे स्वस्तातले, वेगवेगळ्या नावांचे दोन टायर असतील तर ऑइलही त्याच हाताने घेतलेलं समजा.

ट्रॅकवर पिटाळलेली गाडी बारीक खुणांवरून कळते. चाकाच्या कमानीत आत चिकटलेले वितळलेल्या रबराचे गोळे, उष्णतेने तपकिरी पडलेला कॅलिपरचा रंग, डिस्कच्या भोकांभोवती ताऱ्यासारखे तडे, सीटखाली जादा पट्ट्यासाठी पाडलेली भोकं. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, मोजून बघा.

फेरी किमान ४५ मिनिटांची, आणि तीत गर्दीचा रस्ता हवाच. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून ४० पर्यंत एकसारखा ब्रेक लावा, स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क. गतिरोधकावर एक चाक आधी, एक नंतर चढवा, सस्पेन्शनचे रबरी बुश गेले असतील तर ठोक ऐकू येतो. आणि हो, रेडिओ बंद. विकणारा सारखा बोलत असेल तर त्यालाही नम्रपणे गप्प करा.

उघड्या टपाची गाडी असेल तर दहा मिनिटं पाइपने टपावर पाणी सोडा आणि मग सीटमागे, पायाखालच्या मॅटखाली हात घालून चाचपा. जुन्या बॉक्सस्टरमध्ये सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डबा सीटखाली, जमिनीवरच बसवलाय. आत पाणी साचलं की गाडी सुरूच होत नाही. नळ्या साफ करताना तार घालू नका, आतली नळी निसटते. गवत कापायच्या यंत्रात असते ती जाड नायलॉनची दोरी घाला.

मॉडिफिकेशनबद्दल आमचं मत कडक आहे: रोजच्या गाडीत नकोत. खाली बसवलेली स्प्रिंग, इंजिनाचं बदललेलं सॉफ्टवेअर, गरजणारा सायलेन्सर यांचे नव्याचे नऊ दिवस संपले की उरतो तो थंड सकाळी शेजाऱ्यांना उठवणारा आवाज. तशीच गाडी आवडली तर मूळ भाग डब्यात जपून ठेवलेत का, हे विचारा.

किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच बोलणी करा. ती खर्च होणार, आणि पहिल्याच महिन्यात. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, आणि ब्रेक ऑइल, जे दोन वर्षांत ओलावा शोषून बाद होतं. बॅटरी पाच वर्षांची झाली असेल तर तीही. रोज चालवताना पहिले दहा किलोमीटर ३,००० फेऱ्यांच्या आत राहा. कूलंटचा काटा मधे येतो तेव्हा ऑइल अजून निम्मंच तापलेलं असतं.

पहिल्या बदलातला ऑइल फिल्टर फेकू नका. कापून उघडा, कागदाच्या घड्या पसरा आणि टॉर्चखाली चुंबक फिरवा. राखाडी बारीक भुकटी चालते. चमकणारे, नखाने जाणवणारे तुकडे चुंबकाला चिकटले तर लोखंड-पोलाद, न चिकटता चमकले तर बेअरिंगचा किंवा ॲल्युमिनियमचा चुरा. दोन्हींत गाडी थांबवून मेकॅनिकला दाखवा. काही नसेल तर २,००० किलोमीटरवर पुन्हा एकदा ऑइल बदला, तो फिल्टरही उघडा आणि पहिल्याच्या शेजारी ठेवा. दुसऱ्याच्या घड्या जास्त स्वच्छ असतील, तर पुढचं ऑइल १०,००० किलोमीटरवर.